उबुंटूवर (लिनक्सवर) एसएसडी ड्राइव्हचं फर्मवेअर, म्हणजे ड्राइव्हच्या आतलं तिला चालवणारं सॉफ्टवेअर, अपडेट करायला विंडोज टाकावंच लागतं का?

नाही, बहुतेक वेळा लागत नाही. उबुंटूत 'एफडब्ल्यूयूपीडी' नावाची सेवा असते. ती एलव्हीएफएस या सर्व्हरवरून, कंपनीने स्वतः तिथे चढवलेलं फर्मवेअर आणते. टर्मिनलमध्ये 'एफडब्ल्यूयूपीडीएमजीआर' (fwupdmgr) या कमांडपुढे आधी 'रिफ्रेश', मग 'गेट-अपडेट्स' आणि काही सापडलं तर 'अपडेट' द्या. मग रीस्टार्ट. बस्स.

अडचण एवढीच की सगळ्या कंपन्या सगळी मॉडेल्स तिथे ठेवत नाहीत. यादीत तुमची ड्राइव्ह नसेल तर कंपनीच्या साइटवर बूट होणारी आयएसओ फाइल मिळते का बघा. सॅमसंग अशा फाइल्स देते. ती पेनड्राइव्हवर टाकून बूट करायचं, विंडोजचा संबंधच नाही. 'एनव्हीएमई-सीएलआय' हे टर्मिनलमधलं साधन वापरून हातानेही फर्मवेअर चढवता येतं, पण फाइल नेमक्या त्याच मॉडेलची हवी. भलतीच फाइल गेली तर ड्राइव्हचा दगड होऊ शकतो, म्हणून नवख्याने त्या वाटेला जाऊ नये असं माझं मत.

अपडेटने डेटा सहसा जात नाही. तरी बॅकअप घ्याच, आणि लॅपटॉप चार्जरला लावूनच ठेवा. मध्येच वीज गेली तर पंचाईत!