रामरक्षेतील ‘पातु’ आणि श्रीरामांची नावे

प्रश्न : आमच्याकडे तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लावला की शुभंकरोतीपाठोपाठ रामरक्षा म्हटली जाते. परवा ‘जानुनी सेतुकृत्पातु’ या ओळीला नातू थांबला आणि म्हणाला, “आजी, पूल बांधणाऱ्याने गुडघेच का सांभाळायचे?” मला उत्तर देता आले नाही. या ओळींचा नेमका अर्थ काय, आणि प्रत्येक अवयवासाठी रामाचे वेगळे नाव का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : नातवाने फार मोलाचे विचारले आहे, कारण पाठ झालेल्या ओळीपाशी असे थांबणारे थोडेच. ‘पा’ म्हणजे रक्षण करणे, या धातूपासून ‘पातु’ म्हणजे ‘रक्षण करो’ हे रूप होते. चौथ्या श्लोकाच्या उत्तरार्धापासून नवव्या श्लोकाअखेरपर्यंतचा भाग हे कवच आहे. भगवान शंकरांनी स्वप्नात सांगितलेली ही रामरक्षा बुधकौशिक ऋषींनी सकाळी जागे होताच लिहून काढली, असे स्तोत्रातच म्हटले आहे.

कवच डोक्याकडून पायांकडे उतरते आणि त्याच्याबरोबर रामकथाही पुढे सरकते. मस्तकाशी रघुकुळ, कपाळाशी दशरथ, डोळ्यांशी कौसल्या येते. कानांचे रक्षण विश्वामित्रांचा लाडका शिष्य करतो, तर नाकाचे ‘मखत्राता’, म्हणजे यज्ञाचा रक्षणकर्ता. गुरूचा शब्द कानांनी ऐकायचा आणि यज्ञाचा सुगंध नाकाने घ्यायचा, हे नाते मला तरी सहज जुळलेले वाटते. ‘भुजौ भग्नेशकार्मुकः’ येथे ते अधिकच स्पष्ट होते : ज्याने ईशाचे, म्हणजे शिवाचे, कार्मुक म्हणजे धनुष्य भंगले, त्याने माझ्या बाहूंचे रक्षण करावे. लगेच पुढे ‘करौ सीतापतिः’ येते, कारण धनुष्यभंगानंतर पाणिग्रहण, आणि पाणी म्हणजे हातच.

प्रत्येक नाव त्या त्या अवयवाशी असे जुळतेच असे मात्र नाही. कथेचा क्रमही अगदी काटेकोर नाही. भरताचे नाव धनुष्यभंगाच्या आधी येते आणि जांबवानाचे सुग्रीवाच्या आधी. गुडघ्यांपाशी सेतू येतो तो मुख्यतः कथेच्या ओघात : कंबरेपाशी सुग्रीव आणि त्याखाली हनुमान भेटल्यावर गुडघ्यांपर्यंत येता येता कथा समुद्रापाशी पोहोचलेली असते. सेतू ओलांडला की ‘जङ्घे दशमुखान्तकः’, रावणाचा वध. येथे एक खुलासा अवश्य करावासा वाटतो. मराठीतल्या ‘जांघे’मुळे आपण या शब्दाचा अर्थ वरच्या बाजूला शोधतो, संस्कृतात मात्र जंघा म्हणजे गुडघ्यापासून घोट्यापर्यंतचा भाग. तो अर्थ घेतला की शरीराचा क्रम बिनचूक लागतो, आणि शेवटी पायांपाशी बिभीषणाला राज्यलक्ष्मी देणारा ‘बिभीषणश्रीद’ येतो.

आज संध्याकाळी नातवाला एक गोष्ट जरूर शोधायला सांगा. ‘शिरो मे राघवः’पासून ‘बिभीषणश्रीदः’पर्यंत एकवीस नावे येतात, पण त्यांत नुसते ‘राम’ हे नाव एकदाही नाही. सगळे अवयव एकेका नावाच्या हवाली केल्यानंतरच ऋषी म्हणतात, ‘पातु रामोऽखिलं वपुः’ : रामाने माझ्या सबंध देहाचे रक्षण करावे.