पोलिसांनी विनाकारण उचललं, मारलं तर भरपाई किती मिळते? आता रकमा वाढल्यात का, सेटलमेंट होते का आपल्याकडे?

रकमा वाढल्यात. बिहारचा रुदुल शाह निर्दोष सुटल्यावरही १४ वर्षं जेलात सडला, त्याला १९८३ ला सुप्रीम कोर्टाने दिले ३५ हजार. १९९३ ला ओडिशाच्या नीलबती बेहेरा, पोलिसांनी नेलेला मुलगा रेल्वे रुळावर मेलेला सापडला, त्यांना दीड लाख. २०१८ ला इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन, हेरगिरीच्या खोट्या केसमध्ये अडकवलेले, त्यांना ५० लाख, आणि नंतर केरळ सरकारने तडजोडीत वर १ कोटी ३० लाख दिले. म्हणजे सेटलमेंट होते, फक्त अटक १९९४ ची होती. तिकडे अमेरिकेत मिनियापोलिस शहराने, पोलिसांच्या हातून मेलेल्या जॉर्ज फ्लॉइडच्या घरच्यांशी वर्षाच्या आत २ कोटी ७० लाख डॉलरला मिटवलं.

आमच्याकडे एका कटिंगवर मिटलं. माझ्या धाकट्या भावाचं मोबाइल रिपेअरिंगचं दुकान, २०१४ ला चोरीचा फोन विकत घेतला म्हणून संध्याकाळी उचलला, दोन रात्री आत, कुठं नोंद नाही, २४ तासांत कोर्टापुढे नेणं वगैरे सोडाच, तळपायावर पट्टे. तिसऱ्या दिवशी खरा चोर सापडला तर साहेबांनी चहा मागवला नि म्हणाले, गैरसमज झाला, घेऊन जा पोराला. मी तिथूनच सरकारी दवाखान्यात न्यायला निघालो होतो, आमचे सख्खे मामा आडवे आले. "पाण्यात राहून माशाशी वैर नको, वातावरण शांत होऊ दे, मग बघू." आई पण त्यांच्याच बाजूने. वातावरण शांत होईस्तोवर वळ गेले, आणि मी आयोगात विचारायला गेलो तेव्हा कळलं की मानवाधिकार आयोगाकडे तक्रार १ वर्षाच्या आत करावी लागते. आमचे १४ महिने झाले होते.

त्यामुळे रकमेचं नंतर बघा हो. सुटल्या सुटल्या मेडिकल करा, पावती जपा, तक्रार लेखी द्या, पोच घ्या. घरातल्या शहाण्या माणसाला विचारू नका.

मी वकील नाही. हायकोर्टात रिटला, म्हणजे हक्क मोडले म्हणून थेट केलेल्या अर्जाला, असं ठरलेलं वर्ष नसतं म्हणे, पण उशीर का केला हे विचारतातच. आणि भरपाई देतं सरकार, म्हणजे आपणच, साहेबाच्या पगारातून वसूल करा असं कोर्टाने म्हटलं तरी ते किती होतं देव जाणे.

भाऊ आता पुण्यात असतो, गावातलं दुकान बंद केलं. मामा अजून म्हणतात, बघ, मिटलं की नाही. हे उत्तर फॅमिली ग्रुपवर टाकतोय.