औषधसंशोधनासाठी प्राण्यांवर होणाऱ्या प्रयोगांना सरकारने निधी द्यावा का, आणि त्यांवर सरकारचे नियंत्रण खरेच असते का?

निधी जरूर द्यावा, पण प्राण्यांच्या देखभालीचा पैसा आधी आणि वेगळा द्यावा. एका औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयाच्या प्राणिगृहात मी नऊ वर्षे पशुवैद्य होतो, त्यामुळे नियंत्रण कुठवर पोहोचते आणि कुठे संपते, हे मी जवळून पाहिले आहे.

नियमांची वाण नाही. प्राण्यांशी क्रूर वागण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्याचे चौथे प्रकरण प्रयोगांसाठीच आहे. 1998 च्या नियमांनुसार संस्थेची नोंदणी लागते, प्रत्येक प्रयोगाचा अर्ज नमुना ‘ब’मध्ये भरून संस्थेच्या प्राणी नीतिसमितीपुढे ठेवावा लागतो आणि त्या समितीत केंद्रीय समितीचा, म्हणजे प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या समितीचा, प्रतिनिधी बसतो. उंदीर-सशांचे प्रस्ताव तिथेच मंजूर होतात. कुत्रा किंवा माकड वापरायचे असेल तर प्रस्ताव केंद्रीय समितीकडे जातो. नीतिसमिती केवळ सह्या करते, असे कोणी म्हणत असेल तर ते माझ्या अनुभवाला धरून नाही. मी पुढे ज्या प्रकल्पाविषयी सांगणार आहे, त्यात मागितलेले 60 उंदीर आमच्या समितीने तासभर चर्चा करून 36 वर आणले होते.

तो प्रकल्प मधुमेहावरचा, सरकारी निधीतून चाललेला. विस्टार जातीच्या उंदरांचे सहा-सहांचे सहा गट होते: एक निरोगी, एक मधुमेही पण औषधाविना, एक मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या नेहमीच्या औषधावर आणि उरलेले तीन एका वनस्पतीच्या अर्काच्या तीन मात्रांवर. निरोगी उंदरांच्या पिंजऱ्यातील तूस आठवड्यातून दोनदा बदलले तरी भागते. स्ट्रेप्टोझोटोसिन हे रसायन टोचून मधुमेह झालेला उंदीर मात्र इतके पाणी पितो आणि इतकी लघवी करतो की सकाळी घातलेले तूस संध्याकाळी हाताला ओले लागते. अंदाजपत्रकात सगळ्याच पिंजऱ्यांचा हिशेब आठवड्यातून दोनदा असा धरलेला होता. त्यातच उपयोगिता प्रमाणपत्र (आधीचा निधी ठरल्या कामासाठीच खर्च झाल्याचा दाखला) अडकल्यामुळे निधीचा दुसरा हप्ता आला नाही, आणि हाती उरलेल्या रकमेतून प्रकल्पप्रमुखांनी आधी रसायने व तपासणीचे संच मागवले.

तिसऱ्या आठवड्यात त्या खोलीचे दार उघडले की अमोनियाने डोळे चुरचुरत. उंदरांच्या पोटाखालचे केस पिवळे पडून चिकटले होते, तळपाय लाल झाले होते आणि अनेकांच्या नाका-डोळ्यांभोवती तो तांबूस स्राव सुकलेला दिसत होता, जो उंदीर ताणाखाली असल्याची खूण मानला जातो. मी भातगिरणीतून स्वतःच्या पैशाने तुसाची दोन पोती आणली, तूस निर्जंतुक करून पिंजऱ्यांत घातले आणि प्रकल्पप्रमुखांकडे गेलो. ते म्हणाले, “डॉक्टर, तुसासाठी संशोधन थांबवायचे का?” मी म्हणालो, “थांबवा, सर. रक्तातली साखर अर्कामुळे बदलते आहे की या ताणामुळे, हे आता तुम्हाला सांगता येणार नाही.” त्यावर त्यांनी सुनावले की पशुवैद्याने उंदरांचे बघावे, अंदाजपत्रकाचे नव्हे.

प्रयोग थांबला नाही. चार उंदीर मुदतीआधीच दगावले, उरलेल्यांचे आकडे इतके विखुरलेले आले की त्यांतून निष्कर्ष काढणे अशक्य झाले, आणि पुढच्या वर्षी पुन्हा परवानगी घेऊन नवे 36 उंदीर आणावे लागले. समितीने नको म्हटलेल्या 60 ऐवजी एकूण 72 उंदीर गेले. हा विषय निघाला की आजही मला त्या खोलीचा वास आठवतो.

केंद्रीय समितीच्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट म्हटले आहे की प्रयोगानंतरच्या देखभालीचा खर्च हा संशोधनखर्चाचाच भाग असला पाहिजे. मग प्रयोग चालू असतानाचा खर्च कोणाच्या मर्जीवर का असावा? आणि केंद्रीय समितीच्या आदेशाचा किंवा अटींचा भंग केल्यास कायद्याच्या कलम 20 नुसार होणारा दंड जास्तीत जास्त 200 रुपये आहे. इतक्या दंडाचा धाक कोणालाही वाटणार नाही. संशोधकाला धाक वाटतो तो हप्ता अडकण्याचा. म्हणून नियंत्रण निधीच्या वाटेनेच आले पाहिजे.

हे प्रयोग उद्यापासून बंद करा, हे मात्र मला मान्य नाही. 2020 मध्ये कोव्हॅक्सिन माणसांना देण्याच्या काळातच पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने 20 ऱ्हीसस माकडांवर तिची परीक्षा घेतली, आणि ते आवश्यकच होते. 2023 च्या दुरुस्तीने नव्या औषधांच्या नियमांत मानवी पेशींपासून वाढवलेले सूक्ष्म अवयव, चिपवरील अवयव (चिपवर पेशी वाढवून केलेली अवयवाची प्रतिकृती) आणि संगणकीय प्रारूपे यांनाही स्थान मिळाले आहे. जिथे या पद्धती पुरेशा ठरतात तिथे प्राण्यांसाठी एक रुपयाही देऊ नये. हेही नमूद करतो की माझा अनुभव एका महाविद्यालयाचा आहे. परदेशात अहवाल पाठवणाऱ्या, जीएलपी (उत्तम प्रयोगशाळा कार्यपद्धती) प्रमाणपत्र असलेल्या ज्या प्रयोगशाळा मी पाहिल्या, तिथे तुसासारख्या गोष्टीत काटकसर होताना दिसली नाही.

निधी आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा) असो, जैवतंत्रज्ञान विभागाचा असो की अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनचा, प्राणिगृहाची रक्कम स्वतंत्र शीर्षाखाली, प्रयोगाच्या संपूर्ण मुदतीसाठी एकदम जमा व्हावी आणि ती रसायनांकडे वळवता येऊ नये. नमुना ‘ब’बरोबर त्या शीर्षाचे अंदाजपत्रकही समितीपुढे यावे आणि प्राणिगृहाच्या पशुवैद्याने त्यावर सही केल्याशिवाय पहिला उंदीर पिंजऱ्यात येऊ नये.