तोराजा गावात घर-जमीन कुणाच्या नावावर असते?

तुम्ही विचारलंय की इंडोनेशियात डोंगरातल्या गावांत मालमत्तेचं कसं असतं, तर सुलावेसी बेटावरच्या तोराजा लोकांचं सांगतो. तिथलं मूळ घर म्हणजे तोंगकोनान, होडीसारखं दोन्ही टोकांना वर गेलेलं छप्पर, आणि ते कुणा एकाचं नसतंच, ज्या पूर्वजाने बांधलं त्याच्या सगळ्या वंशजांचं असतं, आईकडूनही आणि बापाकडूनही, म्हणजे एक माणूस चार-पाच घरांचा हक्कदार असू शकतो. म्हणून ते विकायचा प्रश्नच येत नाही. समोर भाताची कोठारं, गुळगुळीत ताडासारख्या खांबांवर उभी, उंदीर चढू नये म्हणून.

खरी संपत्ती मात्र म्हैस. आईवडील गेले की मोठा विधी होतो, त्यात म्हशी-रेडे बळी देतात आणि परंपरेने ज्या मुलाने जास्त दिले त्याला भातशेतीत जास्त वाटा. पांढऱ्या-काळ्या ठिपक्यांचा रेडा तर साध्यापेक्षा कितीतरी पट महाग. कापलेल्यांची शिंगं घरापुढच्या खांबावर एकावर एक लावतात, ती बघूनच घराण्याचा मान कळतो. दुसऱ्याने आणलेलं डुक्कर, म्हैस सगळं लक्षात ठेवतात कारण आणणाऱ्याच्या घरी कुणी वारलं की परत द्यावंच लागतं, पिढ्यानपिढ्या चालणारी उधारीच ती. पैसे जमेपर्यंत मृतदेह कधी कधी महिनोन् महिने घरातच असतो, आणि तोवर घरचे त्याला आजारीच म्हणतात, जेवण नेऊन ठेवतात. मला तरी यात नुसता खर्च दिसत नाही, माया दिसते.