कोरड्या ओढ्यावर दोन महिने काय करायचं?

प्रश्न : मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय प्राणिशास्त्र. गोड्या पाण्याच्या संशोधनासाठी उन्हाळी फेलोशिपचा अर्ज भरायचा आहे. पण आमचं गाव पुरंदर तालुक्यात, कऱ्हा नदीपासून जवळच. एप्रिल-मेमध्ये ओढा ठणठणीत कोरडा. एकच डोह उरतो, त्यात म्हशी डुंबतात. पाणीच नाही तर अभ्यास कशाचा करू, मॅडम? कोकणातली एखादी बारमाही नदी निवडू का?
— एक विद्यार्थिनी, सासवड

उत्तर : कोकणात मुळीच जाऊ नकोस. म्हशींचा डोह आहे ना? झालं तर मग.

आधी माझी फजिती सांगते. पहिल्या उन्हाळ्यात मला एक नाला दिला होता, शेवाळाने हिरवागार. माझी एसटी दुपारी पोचायची, म्हणून मी रोज तीनला नमुना घ्यायचे. विरघळलेला ऑक्सिजन निघाला लिटरला ११ मिलिग्रॅम. मी खुशीत वहीत लिहिलं, ‘पाणी उत्तम.’ सरांनी वही पाहिली आणि एवढंच विचारलं, “तीस अंशाच्या पाण्यात हवेतला साडेसातच मिलिग्रॅम मावतो. मग वरचे साडेतीन कुठून आले?” मी गप्प. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पहाटे पाचला नाल्यावर उभं केलं. बाटली बुडबुडा न राहता काठोकाठ भरायची, त्यात मँगनस सल्फेट, मग अल्कलीयुक्त आयोडाइड. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसतो. माझ्या बाटलीत बसला तो जवळजवळ पांढरा. म्हणजे ऑक्सिजन नावालाच. दिवसा शेवाळ ऊन खाऊन ऑक्सिजन सोडतं, रात्री तेच शेवाळ आणि तळाचा गाळ तो संपवतात. दुपारचा आकडा खोटा नव्हता, मी वेळ चुकीची धरली होती.

तुझ्या डोहाला हाच प्रश्न विचार : पहाटे पाच आणि दुपारी तीन, यात फरक किती? आठवड्यातून दोनदा मोज. पाण्याचं तापमान प्रत्येक वेळी लिही, कारण पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो. वीस अंशाला नऊच्या आसपास, तिसाला साडेसात. आणि तळाचा गाळ चाळणीत धुऊन पांढऱ्या ट्रेमध्ये ओत. चतुराच्या अळ्या, पाणविंचू, गोगलगायी दिसतील. लालभडक, वळवळणाऱ्या बारीक अळ्याच जास्त निघाल्या तर समज, तळाशी श्वास कोंडतोय. त्यांचा लाल रंग हिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तात असतं तेच. त्याच्या जोरावर त्या जिथे बाकीचे मरतात तिथे तग धरतात. म्हशींना हाकलू नकोस. किती म्हशी, किती वेळ, हेही टिपून ठेव.

आता पाणलोटाचं. ओढ्यात पाणी दिसत नाही म्हणून पाणी नाही असं होत नाही. ते मुरमात आणि मांजऱ्या, म्हणजे बारीक भोकाभोकांच्या, खडकात उतरलेलं असतं, आणि त्याचा पत्ता विहिरीला ठाऊक असतो. भूजल सर्वेक्षणाची माणसं निरीक्षण विहिरी वर्षातून चारदा मोजतात, त्यात एक फेरी मे महिन्याची, ती उगाच नाही. ओढ्याच्या दोन्ही अंगांच्या पाच-सहा विहिरी निवड. कठड्यावर रंगाने एक खूण कर आणि दर वेळी तिथूनच टेप सोड, सकाळी मोटार चालू व्हायच्या आत. एखाद्या विहिरीवर मोटार बंद झाल्यावर तासभर बस. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत तासात पाणी दहा सेंटिमीटर चढलं तर आवक झाली साधारण २,८०० लिटर. हे गणित मालकासमोरच कर. पहिल्या दिवशी तो तुला वीजमंडळाची समजून पाण्यालासुद्धा विचारणार नाही. आकडा ऐकला की चहा येतो.

आणि तू पुरंदरची आहेस! १९७२च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी तुझ्याच तालुक्यात, नायगावात, पाणी पंचायतीचं काम उभं केलं. पाण्याचा वाटा जमिनीवर नाही, घरातल्या माणसांवर, भूमिहीनालाही हक्क, उसाला मात्र पाणी नाही. तिथल्या म्हाताऱ्या माणसांशी दोन दुपारी बोल. विहिरींबद्दल ते जे सांगतील ते छापील नकाशात सापडायचं नाही.

अर्जाबद्दल थोडक्यात. तीन विज्ञान अकादम्या मिळून चालवतात ती उन्हाळी फेलोशिप दोन महिन्यांची असते आणि तिचे अर्ज आदल्या वर्षाच्या अखेरीसच घेतले जातात. मार्चमध्ये जाग आली तर गाडी गेलेली असते. शिक्षकांचं शिफारसपत्र आधीच मागून ठेव. अर्जात ‘नद्यांचे संवर्धन ही काळाची गरज’ हे वाक्य कृपा करून लिहू नकोस. मी अर्ज तपासत असते तेव्हा ते दिवसाला वीस वेळा वाचते. ‘आमच्या डोहात पहाटे ऑक्सिजन किती उरतो’ असं लिही. डोहावर पहाटे एकटी मात्र जाऊ नकोस, घरचं कुणीतरी सोबत घे.

प्रश्न : मुलगा अशी फेलोशिप करायची म्हणतो. दोन महिने उन्हात काढून पुढे नोकरी लागेल का?
— एक पालक, बारामती

उत्तर : लगेच नाही लागणार, खोटं कशाला सांगू? पाणलोटाचं काम करणाऱ्या संस्था, पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळा, भूजल खातं इथे पुढे वाट असते, पण बहुतेक ठिकाणी एम.एस्सी. लागते. विद्यावेतन किती, राहायची सोय कुणाची, गावोगाव फिरायचा खर्च कोण देणार, हे त्याला होकार कळवायच्या आधी लेखी विचारायला सांगा. आणि टोपी द्या. माझी पहिल्याच आठवड्यात नाल्यात वाहून गेली होती.