जीव धोक्यात घालण्यात लोकांना एवढी मजा का वाटते?

मी नाशिकचा, त्यामुळे पुराचंच सांगतो. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो, आणि गंगेला किती पाणी आलंय ते रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या उंच मूर्तीवरून ठरतं. गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, गळ्याशी आलं. कॉलेजात असताना आम्ही चार-पाच जण पूर आला की होळकर पुलावरून उड्या टाकायचो आणि वाहत जाऊन गाडगे महाराज पुलाच्या अलीकडे काठ धरायचो.

खरं सांगू? उडी मारताना मजा अजिबात येत नाही. कठड्यावर उभं राहिलं की तोंडाला कोरड पडते, पोटात गोळा येतो. मागचे मित्र शिव्या घालतात म्हणून माणूस पाय सोडतो. (पुलावर बघ्यांची गर्दी नसती तर आमच्यातले निम्मे घरीच बसले असते.) मजा येते ती बाहेर आल्यावर. अंग निथळतंय, हातातला चहाचा ग्लास थरथरतोय आणि उगाचच हसू फुटतंय. तसा चहा पुन्हा कधी लागला नाही.

रिचर्ड सॉलोमन आणि जॉन कॉर्बिट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये हेच मांडलं होतं. एखादी भावना उसळली की तिला आवरायला आतून उलटी भावना उभी राहते. भीती संपते, पण ही उलटी भावना रेंगाळते. पॅराशूट घेऊन उडी मारणाऱ्या नवख्याची गाळण उडते. सरावलेल्याची भीती घटत जाते आणि खाली उतरल्यावरची धुंदी वाढत जाते.

माझं मात्र सरावानं वेगळंच झालं. पहिल्या वर्षी मारुतीच्या गुडघ्याएवढं पाणी पुरलं. तिसऱ्या वर्षी कमरेच्या वर गेल्याशिवाय उतरावंसंच वाटेना. त्याच वर्षी अडकलो. पुरात सांडवे, म्हणजे नदीतले आडवे बुटके बांध, दिसत नाहीत, पण त्यांच्यावरून पडलेलं पाणी खाली गोल फिरत राहतं. त्यात सापडलेला माणूस वर येतो आणि परत खाली ओढला जातो. काठ हाताला लागला तो थेट पुढच्या, टाळकुटेश्वराच्या पुलाशी, गुडघ्याची सालटी निघालेली. मित्रांनी चहा पुढे केला, तो घशाखाली उतरला नाही.

आता पूर बघायला मुलाला घेऊन जातो. परवा त्यानं विचारलं, "बाबा, तुम्ही कधी मारली होती का उडी?"

नाही म्हणालो. तळहात मात्र घामानं ओले झाले होते.