वाचकांचे प्रश्न : बासरी, मैफलीची आणि पोटापाण्याची

प्रश्न : माझा मुलगा अकरावीत असून पाच वर्षे बासरी शिकतो आहे. बारावीनंतर दुसरे काहीही न करता केवळ एकलवादक व्हायचे, असे त्याने ठरवले आहे आणि घरात त्यावरून रोज वाद होतात. विषय निघाला की तो बासरीवादक पं. हरिप्रसाद चौरसिया यांचे नाव पुढे करतो. मैफलींवर आयुष्य काढता येते का? (एक आई, विलेपार्ले)

उत्तर : आपल्या मुलाने पुढे केलेले नाव योग्यच आहे, मात्र त्या नावामागचे आयुष्य त्याने नीट पाहिले आहे का, हे त्याला जरूर विचारावे. हरिप्रसादजींचा जन्म १९३८ सालचा, अलाहाबादचा. वडील पहिलवान होते आणि मुलाने आखाड्यात उतरावे अशी त्यांची इच्छा असल्यामुळे सुरुवातीचे संगीतशिक्षण त्यांच्या नकळत झाले. बासरीची तालीम वाराणसीच्या पं. भोलानाथ प्रसन्ना यांच्याकडे मिळाली. तरुणपणी त्यांनी लघुलेखकाची नोकरी केली, १९५७ मध्ये ते आकाशवाणीच्या कटक केंद्रावर रुजू झाले आणि पुढे बदली होऊन मुंबईला आले. येथे आल्यावर चित्रपटगीतांच्या ध्वनिमुद्रणात त्यांची बासरी वाजू लागली आणि हाती बरा पैसा येऊ लागला. म्हणजे ज्यांच्या नावावर आपला मुलगा नोकरी नको म्हणतो आहे, ते स्वतः आधी पगारदार होते.

तरीही मला त्यांच्या आयुष्यातला सर्वांत मोलाचा भाग याच्या पुढचा वाटतो. मुंबईत राहणाऱ्या अन्नपूर्णादेवींकडे शिकायचे, असे त्यांनी मनात धरले. त्या उस्ताद अल्लाउद्दीन खाँसाहेबांच्या कन्या. वाद्य सूरबहार (सतारीच्या जातीचे, खालच्या सुरांचे), जाहीर कार्यक्रम जवळजवळ बंद केलेले आणि शिष्य मोजके. बरीच वर्षे नकार मिळाल्यावर अखेर होकार आला, तोही आधीचे सारे विसरून पहिल्यापासून सुरुवात करण्याच्या अटीवर. तेव्हा उजव्या बाजूला धरली जाणारी बासरी हरिप्रसादजींनी डावीकडे घेतली. वाचायला ही गोष्ट लहान वाटते, म्हणून आपल्या मुलाला एकदाच बासरी उलटी धरून साधे सा-रे-ग वाजवायला सांगावे. वरची तीन छिद्रे सांभाळणारा हात खाली जातो, खालचा वर येतो. अनामिका छिद्रावर पुरती बसत नाही, बारीकशा फटीतून हवा निसटते आणि सुराऐवजी नुसती शीळ ऐकू येते. नाव झालेल्या वादकाने हे आपणहून पत्करले आणि गुरूच्या गळ्यातून उतरणाऱ्या रागांचे शिक्षण सुरू केले. १९६७ मध्ये संतूरवादक पं. शिवकुमार शर्मा आणि गिटारवादक ब्रिजभूषण काबरा यांच्याबरोबरची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका निघाली, मैफलींतले नाव वाढत गेले. पण चित्रपट सुटला नाही. १९८१ च्या ‘सिलसिला’चे संगीत शिव-हरी, म्हणजे शिवकुमार आणि हरिप्रसाद, या जोडीचेच आहे.

आता आपल्या मुलाविषयी. पदवी घेऊ द्यावी. कला किंवा वाणिज्य शाखेत सकाळचा रियाज सहज बसतो. आकाशवाणीची स्वरचाचणी देऊन श्रेणी मिळवावी. पूर्वीसारखे ध्वनिमुद्रणाचे काम आता उरलेले नाही, कारण बऱ्याच ठिकाणी बासरीचा आवाज कीबोर्डवरूनच निघतो. मात्र शिकवण्या, नृत्याची साथ आणि भावगीत-अभंगांचे कार्यक्रम मुंबईत पुष्कळ आहेत. एक सावधगिरी तेवढी सांगतो. गायकाच्या दोन ओळींमधल्या जागा भरण्याची सवय फार लवकर जडते आणि मग वीस मिनिटे आलाप करायला बसले की मन तिसऱ्याच मिनिटाला समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, यायला पाहते. साथीची कामे घ्यावीत, पण त्या दिवशीही मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकाचा रियाज चुकवू नये.

प्रश्न : बासरीवादक पन्नालाल घोष यांनी बासरी लांब केली, असे नेहमी वाचतो. नुसत्या लांबीने असा काय फरक पडला? (एक ज्येष्ठ वाचक, गिरगाव)

उत्तर : नळी लांब झाली की सूर खाली उतरतो आणि त्याला ख्यालगायकीला साजेसा भरदारपणा येतो. पन्नालालजींची बासरी सुमारे ३२ इंचांची. एवढ्या बांबूवर छिद्रे एकमेकांपासून दूर जातात, त्यामुळे बोटांची टोके सोडून पेरांनी ती झाकावी लागतात. कोमल स्वर आणि मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणे) अर्धवट उघडलेल्या छिद्रातून काढायची असल्याने हात बसायला वर्षे लागतात. त्यांनी सातवे छिद्रही पाडले. सहा छिद्रांच्या बासरीवर सर्व बोटे झाकली की मंद्र पंचम लागतो आणि तिथे तळ लागतो. पूरियासारख्या रागात पंचम वर्ज्य, म्हणजे न घेण्याचा, आणि मंद्रातला तीव्र मध्यम (पंचमाच्या लगेच खालचा सूर) तर हवाच, म्हणजे ऐन घरातच पायरी तुटलेली. सातव्या छिद्राने ती जोडली गेली.

त्यांचाही मुंबईशी संबंध होता. बारिसालला १९११ मध्ये जन्मलेले पन्नालालजी १९४० मध्ये येथे आले आणि चित्रपटांना संगीत देऊ लागले. बॉम्बे टॉकीजच्या १९४२ च्या ‘बसंत’वर त्यांचे नाव आहे. जम बसल्यावर, वयाच्या छत्तिशीत, १९४७ मध्ये ते अल्लाउद्दीन खाँसाहेबांचे शागीर्द झाले. वरच्या उत्तरातले घराणेही तेच, हे आपल्या ध्यानात आले असेलच. १९५६ मध्ये ते दिल्लीला आकाशवाणीत गेले आणि १९६० मध्ये, पन्नाशीही न गाठता, निवर्तले. हरिप्रसादजी मात्र सहा छिद्रांचीच बासरी वाजवतात, तेव्हा सातवे छिद्र सर्वांनी स्वीकारले असे समजू नये.

प्रश्न : घरी सुरात असलेली बासरी वातानुकूलित सभागृहात तानपुऱ्याच्या खाली का जाते? (एक विद्यार्थिनी, मुलुंड)

उत्तर : थंड हवेत ध्वनीचा वेग कमी होतो, म्हणून. नळीतली हवा १० अंशांनी थंड झाली, तर सूर अर्धस्वराच्या जवळपास तिसऱ्या हिश्श्याने उतरतो. फुंकर जोरात मारून तो चढवू नये, आवाज फाटतो. मंचावर जाण्यापूर्वी पाच-सात मिनिटे मंद्रात वाजवून नळी ऊबदार करावी, तानपुरा त्यानंतरच जुळवावा आणि निवेदकाचे बोलणे लांबले तर बासरी शालीखाली धरून बसावे.